अर्थ शेवटी

चिनी सुलेखन दाखवायला बसलो की पहिला प्रश्न ठरलेला: ‘याचा अर्थ काय?’ तो सांगितला की माणूस समाधानाने पुढे सरकतो आणि अक्षर बघायचं राहूनच जातं. म्हणून मी आता अर्थ शेवटी सांगतो. आधी कुंचला कुठे टेकला आणि कुठून उचलला, ते शोधायला लावतो.

हे शोधता येतं. सुलेखनाचा खळ न दिलेला शुआन कागद शाई पडताक्षणी पिऊन टाकतो; हात रेंगाळला तर डाग पसरतो, घाईत सुटला तर रेघेतून कागद दिसतो. गिरवून सुधारायला गेलं की लगेच उघडं पडतं. शिवाय रेघांचा क्रम बहुतेक ठरलेला. त्यामुळे चिनी न येणाऱ्यालाही लिहिणाऱ्याच्या हातामागोमाग जाता येतं.

सुलेखनकार यान झेनछिंगचा ७५८ सालचा शोकलेखाचा मसुदा मी नवख्यांना आवर्जून दाखवतो. सेनापती आन लूशानच्या बंडात मारल्या गेलेल्या पुतण्यासाठी लिहिलेला. सुरुवात सावरलेली, पुढे खाडाखोड, कोरडा पडत चाललेला कुंचला तसाच ओढत नेलेला. सुबक अजिबात नाही. तरी जाणकार लोक सुलेखनकार वांग शीझीच्या ‘लानथिंग’ काव्यसंग्रहाच्या प्रस्तावनेनंतर याचंच नाव घेतात. ‘लानथिंग’च्या तर आता नकलाच उरल्यात, यानचा कागद मात्र तैपेईच्या राष्ट्रीय राजवाडा संग्रहालयात आहे.

आज चीनमध्ये बहुतेक जण फोनवर रोमन अक्षरांत उच्चार टंकतात आणि समोर आलेल्यांतून अक्षर निवडतात. हाताने लिहायची वेळ आली की साधी अक्षरंही आठवत नाहीत, ही तक्रार तिथे सर्रास ऐकू येते. मग सुलेखनाची कला ‘आधुनिक’ करायची म्हणून कोणी ती मगवर छापतो, कोणी झाडूएवढा कुंचला घेऊन मंचावर नाचतो. युनेस्कोने २००९ मध्ये चिनी सुलेखन अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, चांगलंच झालं. पण यादीने कोणाचा हात वळत नाही.

मला बीजिंगच्या बागांतले म्हातारे जास्त आधुनिक वाटतात. स्पंजचा कुंचला पाण्यात बुडवून फरशीवर लिहितात, भोवती लोक थांबून बघतात. कलावंत शू बिंगही तसाच. इंग्रजी शब्दातली अक्षरं चौकोनात रचून त्याने ती चिनी अक्षरासारखी दिसणारी केली, प्रदर्शनात वर्ग मांडला आणि प्रेक्षकाच्याच हाती कुंचला दिला.

कुठे जुनं चिनी सुलेखन दिसलं तर खालची पाटी लगेच वाचू नका. उजव्या वरच्या कोपऱ्यापासून सुरुवात करा, ओळ वरून खाली उतरा, मग डावीकडची धरा. शाई कुठे संपत आली ते बघा. पाटी नंतर वाचा.