झाशीच्या वाटेवर सतरा इंची चाकं

नागपूरहून झाशीला गाडीने निघालात, तर रस्ता तुम्हाला अगदी लाडावून ठेवतो. श्रीनगरहून थेट कन्याकुमारीला जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ हाच. सिवनीच्या आधी पेंचच्या जंगलात तो खांबांवर चढतो, म्हणजे खालून वन्यप्राणी आरामात जावेत. दोन्ही बाजूंना भिंती, गाड्यांचे दिवे आणि आवाज जंगलात पोहोचू नयेत म्हणून. पुढे लखनादौन, नरसिंहपूर, सागर, ललितपूर करत सुमारे ६०० किलोमीटरवर झाशी. आईने डब्यात दिलेल्या पुऱ्या संपायच्या आत निम्मं अंतर पार पडलेलं असतं.

आमचा घोळ केला तो याच रस्त्याने. म्हणजे रस्त्याने नाही, त्याच्यावर बसलेल्या भरवशाने. महामार्ग गुळगुळीत होता म्हणून आम्ही धरून चाललो की सगळी सहलच तशी असेल. पण तुम्ही झाशीला महामार्ग बघायला जात नाही. तुम्हाला ओरछ्याला जायचं असतं, बरुआसागरच्या तलावावर जायचं असतं, जुन्या शहरातल्या गल्ल्यांतून फिरायचं असतं. आणि तिथे रस्ता वेगळा असतो.

गाडीत आम्ही पाच जण. दादा, वहिनी, त्यांची साडेतीन वर्षांची पिऊ, आई आणि मी. गुडघ्याच्या त्रासामुळे बाबा घरीच राहिले होते. गाडी जुनीच, पण चाकं नवी. दसऱ्याच्या आधी दादाने कंपनीची पंधरा इंची लोखंडी चाकं काढून बाहेरून सतरा इंची अलॉय व्हील्स बसवून घेतली होती. काळी, कडेला चंदेरी रेघ, पातळ आरे. पूजेच्या दिवशी झेंडूची माळ गाडीला घातली, पण सगळ्यांचं लक्ष चाकांकडे. दादा आठ महिने पैसे साठवत होता, हे वहिनीला माहीत होतं, म्हणून ती काही बोलली नाही. बाबांनी एवढंच विचारलं, "जुनी कुठे आहेत?" दुकानदार ती बदल्यात घेणार होता. बाबा स्वतः रिक्षा करून गेले, चारही चाकं टायरसकट घरी आणली आणि माळ्यावर टाकली. आम्ही हसलो होतो.

ओरछ्याहून परतताना

झाशीपासून ओरछा जवळच. सकाळी निघालो, रामराजा मंदिरात दर्शन घेतलं (इथे रामाला राजा मानतात आणि पोलीस सलामी देतात, मुलांना हे फार आवडतं), जहांगीर महालाचे जिने चढून दमलो आणि बेतवेच्या काठावर छत्र्यांसमोर बसून राहिलो. अंधार पडायला लागल्यावर निघालो आणि गर्दी टाळायची म्हणून मोबाइलने दाखवलेला आतला रस्ता पकडला.

या भागातला खडक ग्रॅनाइटचा. झाशीचा किल्लासुद्धा तशाच खडकाच्या टेकडीवर उभा आहे. आजूबाजूला खडी फोडणारे क्रशर आहेत, त्यांचे डंपर लहान रस्त्यांवरून जातात, आणि पावसाळा संपल्यावर अशा रस्त्याचं काय होतं ते तुम्हाला महाराष्ट्रात राहून ठाऊक आहेच. फरक एवढाच की इथल्या खड्ड्याची कड मातीसारखी ढासळत नाही. डांबर निघून खडी उघडी पडली की ती कड पायरीसारखी टोकदार राहते.

समोरून ट्रॅक्टर आला, त्याचे दिवे डोळ्यांवर. दादाने गाडी डावीकडे घेतली, खड्डा शेवटच्या क्षणी दिसला आणि त्याने करकचून ब्रेक दाबला. 'ठाक' असा कोरडा आवाज झाला. पिऊ झोपेतून दचकून उठली. उतरून टॉर्च मारून पाहिलं तर चाकावर ओरखडासुद्धा नव्हता. दादा म्हणाला, "बघ, कसली मजबूत आहेत!"

सकाळी डावं पुढचं टायर बसलेलं होतं.

जवळच्या पंक्चरवाल्याने चाक पाण्यात बुडवलं. टायरमध्ये खिळा नव्हता, काच नव्हती. मग त्याने चाक उलटं केलं आणि आतल्या कडेला साबणाचं पाणी लावलं. एका जागी बारीक बुडबुडे यायला लागले. तिथे केसाएवढी चीर होती, बोटभर लांब. बाहेरून चाक अजूनही शोरूममध्ये ठेवण्यासारखं. त्याने हात पुसले आणि म्हणाला, "टायर ठीक है, चक्का गया."

तीन सेंटीमीटर रबर

आता थोडं गणित सांगते, कारण आमच्या घरात ते कुणीच केलं नव्हतं आणि ते पाच मिनिटांचं आहे. तुमच्या टायरवर १८५/६५ आर १५ असं काहीतरी लिहिलेलं असतं. पहिला आकडा रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा म्हणजे त्या रुंदीच्या किती टक्के टायरची बाजूची भिंत उंच आहे. तिसरा रिमचा व्यास, इंचांत. म्हणजे १८५ चे ६५ टक्के, साधारण १२० मिलिमीटर. एवढं रबर आणि हवा रिम आणि रस्ता यांच्यामध्ये असते. दादाने बसवलेलं टायर २०५/४५ आर १७. त्याची भिंत ९२ मिलिमीटर. बाहेरून चाकाची एकूण उंची जवळपास तेवढीच राहते, म्हणून स्पीडोमीटर बिघडत नाही आणि दुकानदार "काही फरक पडत नाही" म्हणतो. पण आत धातू वाढलेला असतो आणि रबर जवळपास तीन सेंटीमीटरने कमी झालेलं असतं. खड्ड्याच्या कडेचा मार आधी हे रबर खातं. ते संपलं की धातू.

धातूही वेगळा. लोखंडी चाक मार बसला की वाकतं, दिसतं, आणि ठोकून सरळ करता येतं. ओतीव अ‍ॅल्युमिनियमचं चाक थोडंफार वाकतं आणि मग तडकतं. तडकतं तेही बहुतेक वेळा आतल्या कडेला, जिथे तुमची नजर जात नाही. सगळी अलॉय चाकं कच्ची असतात असं मात्र अजिबात नाही. कंपनीतून आलेली चाकं त्या गाडीच्या वजनासाठी तपासलेली असतात, आणि घडीव म्हणजे फोर्ज्ड चाकं तर फार दणकट असतात, फक्त त्यांची किंमत ऐकून आपण दुकानातून बाहेर येतो. बाहेरून घेतलेल्या चाकाबद्दल विचारायचं ते रंगाबद्दल नाही. ते किती वजनासाठी आहे, भारतीय मानक आयएस ९४३६ किंवा जपानी जेडब्ल्यूएल यांची खूण त्यावर आहे का, मधलं भोक तुमच्या गाडीच्या हबवर नेमकं बसतं का, हे विचारा. दुकानदार यावर चिडला, तर दुसरं दुकान बघा.

टायरलाही वजनाचा आकडा असतो. ८८ म्हणजे एका टायरमागे ५६० किलो, ८४ म्हणजे ५०० किलो. २०५/४५ आर १७ हे माप दोन्हींत मिळतं. आमच्यावर ८४ होतं. चार मोठी माणसं, एक मूल, दिवाळीनंतर म्हणून आईने घेतलेल्या फराळाच्या तीन पिशव्या. आणि निघताना हवा कुणी तपासली होती? कुणीच नाही. हवा कमी असली की उरलेल्या रबराचाही उपयोग अर्धा होतो.

वेगाचा हिशेब याहून कठोर आहे. ४० ऐवजी ६० ने गेलात तर वेग दीडपट होतो, पण आदळताना मार सव्वादोन पट जोराचा असतो. आणि दादाने केलं तसं खड्ड्यात शिरताना ब्रेक दाबून ठेवू नका. ब्रेक लावला की गाडीचं नाक खाली झुकतं आणि सगळं वजन पुढच्या चाकांवर येतं. खड्ड्याच्या आधी जेवढा वेग कमी करता येईल तेवढा करा आणि आत शिरताना पाय उचला.

वेल्डिंग करायचं का?

पंक्चरवाल्याने पर्याय दिला. ओळखीच्या माणसाकडून चीर वेल्ड करून मिळेल, दोन तासांत, आठशे रुपयांत. त्या नक्षीचं चाक झाशीत मिळालं नाही, आणि एकेक चाक कुणी विकत नव्हतं, चारांचाच संच. दादा वेल्डिंगला तयार झाला. मी फोनवर वाचून दाखवलं की ओतीव चाकाला तापवून मजबुती दिलेली असते आणि वेल्डिंगच्या आचेने जोडाभोवती तीच जाते, पुढची चीर त्याच्या शेजारूनच निघते. किंचित वाकलेली कड कसबी कारागीर सरळ करून देऊ शकतो, तडकलेलं चाक मात्र बाद. दादा म्हणाला, "तू चाकांवर लेख लिहितेस की चाकं चालवतेस?" मी गप्प बसले. वहिनी पिऊच्या वेण्या घालत होती, तिनेही वर पाहिलं नाही. आई म्हणाली, "अरे, आधी किल्ला बघून येऊ. मग ठरव." स्टेपनी लावून गाडी हॉटेलवर ठेवली आणि आम्ही ऑटोने निघालो.

यामुळे झाशी नीट बघून झाली, हेही खरं. गाडीतून आम्ही दोन तासांत उरकली असती. मराठी माणसाला इथे घरच्यासारखं वाटतं ते उगाच नाही. अठराव्या शतकात इथे मराठ्यांचा सुभेदार होता, पुढे नेवाळकर. जुन्या शहरातल्या गणेश मंदिरात १८४२ मध्ये मनकर्णिका आणि गंगाधरराव यांचं लग्न लागलं. मंदिर लहानसं आहे, शोधावं लागतं. तिथे भेटलेल्या एका आजींनी आमचं बोलणं ऐकून "कुठल्या तुम्ही?" असं विचारलं. मराठी आपलं, पण हेल बुंदेली. आईला तिथून निघवेना. राणीमहालातली रंगवलेली छतं बघायला मान वर करून फिरलो.

वरसईच्या विष्णुभट गोडशांची मला तिथे फार आठवण आली. पेणजवळचं वरसई. घरचं कर्ज फिटावं म्हणून १८५७ मध्ये ते काकांबरोबर उत्तरेला निघाले आणि १८५८ च्या वेढ्यात झाशीतच सापडले. 'माझा प्रवास' तुम्ही वाचलं नसेल तर झाशीला जाण्याआधी वाचा. लुटले गेले, पण जिवंत आणि गंगेचं पाणी घेऊन घरी पोहोचले. त्यांच्या मानाने आमची चीर म्हणजे काय!

किल्ल्यावर कडक बिजली तोफ बघून आम्ही त्या बुरुजाशी पोहोचलो जिथून राणीने घोड्यावरून उडी घेतली असं सांगतात. वहिनीने पिऊला गोष्ट सांगितली, पाठीला बांधलेल्या दामोदरसकट. पिऊने तटावरून खाली पाहिलं आणि विचारलं, "बाळ पडलं नाही?"

वहिनी म्हणाली, "नाही. घट्ट बांधलं होतं." मग जरा थांबून दादाला म्हणाली, "मी वेल्ड केलेल्या चाकावर हिला घेऊन बसणार नाही. तुम्ही गाडी आणा, आम्ही रेल्वेने येतो." तिने आवाज चढवला नाही. दादा बराच वेळ खालचं शहर बघत राहिला. मग त्याने स्वतःच बाबांना फोन लावला.

झाशी नागपूरच्या रेल्वेच्या मुख्य मार्गावर आहे, हे किती सोयीचं! बाबांनी शेजारच्या मुलांकडून माळ्यावरची चारही चाकं उतरवली आणि पार्सलने पाठवली. तिसऱ्या दिवशी आम्ही वीरांगना लक्ष्मीबाई झाशी स्थानकाच्या पार्सल ऑफिसात गेलो. चाकांबरोबर गोणपाटात गुंडाळलेली एक लोणच्याची बरणी होती. आत जुने नट, तेल लावून ठेवलेले. अलॉयचे आणि लोखंडी चाकांचे नट वेगळे असू शकतात, हे तुम्हीही लक्षात ठेवा. जुने नट टाकून देऊ नका. जास्तीच्या दोन दिवसांचं हॉटेल आणि जाण्या-येण्याचं पार्सल मिळून आम्हाला वेल्डिंगच्या कितीतरी पट खर्च आला. विम्यातून काहीच मिळालं नाही. नुसतं टायर गेलं आणि बाकी गाडीला काही झालं नाही, तर नेहमीची पॉलिसी पैसे देत नाही, आणि बाहेरून बसवलेल्या चाकांबद्दल कंपनीला आधी कळवलेलं नसेल तर ती पॉलिसीत धरलेलीच नसतात. दादाने कळवलं नव्हतं. तुम्ही बसवली असतील तर आज कळवा, थोडा जास्तीचा हप्ता पडेल.

चाकं बदलून झाल्यावर पंक्चरवाल्याने बाकीची तीन अलॉयही आतून तपासली, आम्ही न सांगता. एका टायरच्या आतल्या भिंतीला लिंबाएवढा फुगवटा होता. आतले धागे तुटले की असा फुगवटा येतो, आणि असं टायर कधीही फुटू शकतं. हे आम्हाला बाहेरून कधीच दिसलं नसतं. म्हणून मोठा दणका बसल्यावर गाडी सपाट जागी उभी करून, हॅन्डब्रेक ओढून, टायर गार झाल्यावर आतल्या बाजूनेही हात फिरवून बघा. नंतर ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरायला लागलं किंवा एकाच चाकातली हवा रोज थोडी कमी व्हायला लागली, तर चाक उतरवून घ्या.

परत येताना दादा काही बोलत नव्हता. सागरला चहाला थांबलो तेव्हा त्याने उतरून चारही चाकांना पायाने हलकेच टोचून पाहिलं. लोखंडी, प्लॅस्टिकच्या टोप्यांची, एका टोपीचा कोपरा तुटलेला. आई म्हणाली, "दिसायला काही वाईट नाहीत रे." तो म्हणाला, "वाईटच आहेत, आई." आणि हसला.

तीन अलॉय आता माळ्यावर आहेत. दादा चौथं शोधतोय, या वेळी सोळा इंचीचा विचार आहे, भिंत १०७ मिलिमीटर. ते शहरात चालवायला. लांब निघायचं असलं की बाबा आदल्या रात्री बरणी काढून ठेवतात.