आमच्या न्हाणीघराचं प्रकरण



गेले काही दिवस समूहावर जुन्या घरांच्या आठवणी चालल्या आहेत. कुणी ओसरीवर लिहिलं, कुणी माजघरावर, कुणी तुळशीवृंदावनावर. न्हाणीघरावर मात्र कुणीच लिहिलं नाही. म्हटलं, आपण लिहावं. कारण गेल्या दिवाळीपासून आमच्या घरात दुसरा विषयच नाही. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

आम्ही इंदूरचे. आजोबा होळकर संस्थानात कारकुनीला आले आणि इथलेच झाले. मी बी.कॉम. करून बँकेत लागलो, ३६ वर्षं नोकरी केली आणि अधिकारी म्हणून निवृत्त झालो. आता वय ७४. राहतं घर वडिलांनी १९६६ साली बांधलेलं. त्यातलं न्हाणीघर सात फूट बाय साडेचार फूट. खाली कोटा फरशी, कोपऱ्यात मोरी, भिंतीत साबणाचा कोनाडा, दारात चार इंचांचा उंबरा. पलीकडे साडेचार इंची भिंत आणि तिच्यामागे संडास, तोही जुन्या पद्धतीचा. तांब्याचा बंब दाराबाहेर असायचा. थंडीत सकाळी त्याच्या धुराचा वास घरभर भरायचा.

पाण्याचे हाल आमच्या पिढीने पाहिलेत. पुढे १९७८ मध्ये नर्मदा इंदुरात आली. जलूदहून सत्तरेक किलोमीटर, विंध्याचा चढ पंपांनी चढवून आणलेलं ते पाणी. आमच्या नळाला पहिल्यांदा आलं तेव्हा आईने नळाला हळदकुंकू वाहिलं आणि मगच कळशी खाली लावली. पाणी तेव्हाही रोज येत नव्हतं, आजही आमच्याकडे एक दिवसाआडच येतं. पण ते न्हाणीघर आईला राजवाड्यासारखं वाटायचं.

आता मूळ विषय. गेल्या नरक चतुर्दशीला पहाटे अभ्यंगस्नानाला गेलेली असताना आमच्या सौभाग्यवतींचा पाय घसरला. तेल, उटणं आणि ५०-६० वर्षं घासून आरशासारखी झालेली कोटा फरशी. हिने नळाला धरलं म्हणून वाचली. पण मला सांगितलं नाही. दोन दिवसांनी भिंतीतून पाणी झिरपायला लागलं, तेव्हा प्लंबरला बोलावलं. त्याने नळ हलवून पाहिला आणि विचारलं, "अंकलजी, इस पे कोई लटका था क्या?" मी हिच्याकडे पाहिलं. ही पदराला हात पुसत स्वयंपाकघरात निघून गेली.

संध्याकाळी मुलाला बंगळुरूला फोन केला. तो म्हणाला, "बाबा, आता सगळंच तोडून नवीन करा. पैसे मी पाठवतो." पैसे नकोत म्हटलं, तर त्याने फोटो पाठवायला सुरुवात केली. काचेचं पार्टिशन, छतातून पाऊस पाडणारा शॉवर, भिंतीला अधांतरी टांगलेला कमोड. हिने चष्मा लावून सगळे फोटो पाहिले आणि विचारलं, "यात बादली कुठे ठेवायची?" मुलाकडे उत्तर नव्हतं.

मी मात्र कामाला लागलो. कर्जाचं प्रकरण तपासावं तसं. नवीन वही काढली, मोजमापं घेतली, सियागंजला दोन चकरा मारल्या, तीन ठेकेदारांकडून अंदाजपत्रकं मागवली. एक १ लाख ३५ हजारांचं, दुसरं १ लाख ९० हजारांचं, तिसरं २ लाख ६० हजारांचं. तिन्हींचा तुलनात्मक तक्ता केला. जन्मभर लोकांच्या अंदाजपत्रकांतला फुगवटा लाल पेन्सिलीने काढला होता, तेच इथे सुरू केलं. काचेचं पार्टिशन, काट. पावसाचा शॉवर, काट. दिव्यांचा आरसा, काट. शेवटून तिसरी ओळ होती : स्टीलच्या आधाराच्या दांड्या, नग ३, बसवण्यासह ५,४०० रुपये. मनात म्हटलं, टॉवेलची दांडी आहेच की. काट.

वही टेबलावर ठेवून मी बाजारात गेलो. परत आलो तर ही वही उघडून बसलेली. त्या ओळीवर बोट ठेवून म्हणाली, "अहो, हे काटू नका."

मी म्हटलं, "अगं, पाच हजार चारशे रुपये नुसत्या नळ्यांचे..."

ही म्हणाली, "आईंच्या वेळीही तुम्ही हेच म्हणाला होतात."

मंडळी, २७ वर्षांत या विषयावर आमच्या घरात हे पहिलं वाक्य.

१९९८ ची गोष्ट. आई तेव्हा ७८ वर्षांची. हिंडती-फिरती, पण गुडघे गेलेले. फेब्रुवारीत मला म्हणाली, "अरे, मोरीपाशी धरायला काहीतरी लावून दे रे. उठताना तोल जातो." मी तेव्हा शाखेत मार्च अखेरच्या धावपळीत होतो. रात्री दहा-दहा वाजेपर्यंत ताळेबंद जुळवायचे. म्हटलं, "एवढा मार्च एंड होऊ दे, आई. मग लावू." एक लोखंडी नळी आणि दोन क्लॅम्प, त्या काळी फार तर शंभर-दीडशे रुपयांचं काम. ती पुन्हा बोलली नाही. मार्च झाला, आणि मी विसरलो.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आई न्हाणीघरात पडली. आतून कडी लावलेली. आणि दार आत उघडणारं, त्याच दाराला टेकून ती पडलेली. म्हणजे कडी निघाली असती तरी दार उघडलं नसतं. आतून तिचा आवाज येत होता आणि आम्ही बाहेर. शेवटी समोरच्या सुताराने खालची फळी कापली. वीस मिनिटं लागली. तोवर आई ओल्या फरशीवर होती. खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, पण ती पुन्हा उभी राहिली नाही. श्रावणात गेली.

लोक म्हणाले, वय झालं होतं. मीही तेच म्हणत आलो. दाराला नवी फळी ठोकली, वरून रंग दिला. ते ठिगळ अजून दिसतं. रोज आंघोळीला जाताना दिसतं.

ही पुढे म्हणाली, "मी तेव्हापासून आतून कडी लावत नाही."

मला कळेचना. ती म्हणाली, "तुम्ही बघता ना, मी आत गेले की टॉवेल दारावर बाहेरून लटकवते. ती खूण. कडी नाही लावत. पडले तर?"

इतकी वर्षं मी तो टॉवेल पाहतोय. मला वाटायचं, आत भिजतो म्हणून बाहेर टाकते. तिच्या सवयीवर एकदा वैतागूनही बोललो होतो, "पाहुण्यांसमोर दारावर टॉवेल काय टाकतेस!" तेव्हाही ती गप्प राहिली होती.

त्या दिवशी वही बंद केली. दुसऱ्या दिवशी नवीन पान उघडलं आणि या वेळी शेजारी हिला बसवलं. आमचं जे ठरलं ते खाली देतो. ज्यांच्या घरी असं काम निघणार असेल त्यांच्या उपयोगी पडेल.

सगळ्यात आधी दार. ते बाहेर उघडणार. पॅसेजमध्ये थोडी अडचण होईल, होऊ दे. आतल्या कडीऐवजी असा लॅच की गरज पडली तर बाहेरून नाण्याने फिरवून उघडता येईल. चार इंचांचा उंबरा जाणार. पाणी बाहेर येऊ नये म्हणून आतली जमीन थोडी खाली आणि ढाळ मोरीकडे. मिस्त्री म्हणाला, फुटाला एक सूत. म्हणजे पाणी वाहतं आणि चालताना उतार जाणवत नाही.

मग दांड्या. मुलाने सुचवलेल्या गुळगुळीत मोठ्या टाइल्स नकोत. खरबरीत, एक फूट बाय एक फूट. टाइल लहान असली की सांधे जास्त आणि पायाला पकड जास्त. दांड्या तीन : एक मोरीपाशी, एक कमोडपाशी, एक दाराशी. मधली साडेचार इंची भिंत पाडून संडास-न्हाणीघर एक करतोय, म्हणून दांड्या बाहेरच्या नऊ इंची भिंतीवरच. टॉवेलच्या दांडीवर माणसाचं वजन टाकायचं नसतं, हे मिस्त्रीनेच ऐकवलं. उंची किती, असं मी विचारलं, तर त्याने हिलाच उभं केलं. "आंटीजी, बैठ के उठो. हाथ कहाँ जाता है?" जिथे हात गेला तिथे पेन्सिलीने खूण केली. मग मलाही उठवलं-बसवलं. माझ्या वहीत हे कुठेच नव्हतं.

बाकीचं थोडक्यात. जुने लोखंडी नळ आतून गंजून अर्धे बंद झालेत, गरम पाण्यासाठी सीपीव्हीसीचे टाकणार. कमोड सीटसकट अठरा इंचांच्या आसपास, म्हणजे गुडघ्यांवर जोर येत नाही. गीझरचं बटण बाहेर. अर्थिंग नवीन आणि तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी. बसून आंघोळ करायला पक्का कट्टा आणि शेजारी बादलीला जागा. पाऊस पाडणारा शॉवर नाही, हातात धरायचा शॉवर आहे. मुलगा तेवढ्यावर खूश.

वॉटरप्रूफिंग झालं की टाइल्स लावण्याआधी पाणी भरून ४८ तास ठेवायचं, गळती नाही हे पाहायचं आणि मगच पुढे जायचं. इथे ठेकेदार घाई करतात, करू देऊ नका. आमचं पाणी एक दिवसाआड, म्हणून तो दिवस नर्मदेच्या वारावर धरला आहे. हिने कॅलेंडरवर गोल केलाय.

एकूण आकडा १ लाख ७२ हजारांवर आलाय. दहा टक्के वर धरले आहेत, जुनं घर तोडल्यावर आत काय निघेल सांगता येत नाही. काम पंधरा-वीस दिवसांचं. तेवढे दिवस वरच्या भाडेकरूंच्या न्हाणीघरात आंघोळ. त्यांची सून म्हणाली, "काकू, जिना मी हात धरून चढवीन." बंब मुलाला हवाय, बाल्कनीत ठेवायला. न्या म्हटलं.

सोमवारी मिस्त्री येतोय. काल तो दार पाहून गेला. ठिगळावर हात ठेवून म्हणाला, "ये पल्ला तो निकाल दें ना, अंकलजी? सड़ गया है।" मी हो म्हटलं. हिने विचारलं, "ठेवायचं का थोडं?" मी म्हटलं, नको.

वहीतल्या त्या पानावर दांड्यांची ओळ आता सगळ्यात वर आहे, हिच्या अक्षरात. आधी दांड्या लागतील, मग बाकी सगळं, असं मिस्त्रीलाही सांगून ठेवलंय. तो हसला, म्हणाला, टाइल्सच्या आधी कशा लागतील? पण भिंतीत पक्कं करून ठेवण्याचं त्याने कबूल केलं.

मंडळी, तुमच्यापैकी ज्यांच्या घरी सत्तरीच्या पुढचं माणूस आहे, त्यांना एकच विनंती. पोस्ट वाचून झाली की उठा आणि न्हाणीघराचं दार आत उघडतं की बाहेर, ते पाहून या. आणि आत धरायला काही आहे का, हेही पाहा. नसेल तर याच आठवड्यात लावा. मार्च एंडची वाट पाहू नका.

— एक निवृत्त बँकवाला, इंदूर