पाठीखालची थंडी

पौषातली थंडी सह्याद्रीत उताराच्या वाटेनं येते. सूर्य रतनगडाआड गेला की डोंगराच्या अंगाखांद्यावरची हवा गार होते, जड होते आणि ओहोळ धरून हळूहळू भंडारदऱ्याच्या जलाशयाकडे उतरू लागते. डोळ्यांना काही दिसत नाही. पण बांधावरून चालताना खाचरात पाऊल टाकलं की घोट्यांना कळतं, ती इथं येऊन साचली आहे. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दव गोठून पांढरं होतं, तेव्हा वर गावात पारा काही अंश चढाच असतो, तोही याच कारणानं.

म्हणून रतनगडाखालच्या रतनवाडीच्या बाजूला रात्र काढायची असली की मी पाण्याचा काठ मोहाचा असूनही सोडते आणि थोडी वर चढते. उताराच्या मध्यावर, वाऱ्याकडे पाठ असलेल्या अंगाला, दाट पानांची दोन झाडं मिळाली की माझा हॅमॉक, म्हणजे कापडी झुला, टांगायची जागा ठरली. मोकळ्या आभाळाखाली रात्रभर अंगातली ऊब वर निघून जाते; डोक्यावर जांभळाची फांदी आणि तिच्याखाली ताडपत्री असली की ही ऊब बरीचशी अडते, दवही अडतं. झाडाला दोरी नको, रुंद पट्टा हवा, म्हणजे साल कापत नाही. पट्ट्याचा उतार साधारण 30 अंशांचा ठेवायचा आणि हॅमॉकमध्ये थोडं तिरपं निजायचं, मग पाठ सरळ राहते. खाली दगड आहेत की मुंग्या, याची चिंता उरत नाही. जमिनीपासून हातभर सुटल्यावर शरीर जे सैल होतं, ते सुख मला कुठल्याच गादीवर मिळालेलं नाही.

पण या सुखाला एक उघडी बाजू आहे, आणि ती खाली आहे.

जमिनीवर झोपलेल्याच्या पाठीखालची माती एकदा थोडी तापली की तापून राहते. हॅमॉकच्या पाठीखालून मात्र हवा सतत वाहत असते. ती ऊब घेते आणि निघून जाते. तिच्या जागी दुसरी, पुन्हा गार. झोपलेल्या माणसाचं शरीर 70 ते 80 वॅटच्या जुन्या पिवळ्या बल्बाएवढी उष्णता देत असतं. तेवढी पुरेशी आहे, पण ती कुठंतरी थांबायला हवी. स्लीपिंग बॅग कितीही जाड घ्या, पाठीखाली तिचा कापूस किंवा पिसं आपल्याच वजनानं दबून चपटी होतात. ऊब धरून ठेवते ती धाग्यांमध्ये अडकलेली स्थिर हवा, आणि तीच तिथून निघून गेलेली असते. पहाटे खांदे आणि कंबर ठणकू लागतात ते यामुळे.

हे मला गावातल्या एका मावशींनी एका वाक्यात सांगितलं होतं. झाडाला टांगलेला माझा झुला त्यांनी हात लावून पाहिला, स्लीपिंग बॅग दाबून पाहिली आणि विचारलं, "खाली काय घातलंस गं? वरून किती बी पांघर, गार खालनंच लागतंय." त्यांच्या ओसरीवर तुळईला लुगड्याची झोळी होती. बाळ निजवण्याआधी तिच्यात त्यांनी गोधडीची घडी घातलेली होती. हॅमॉकवाल्या जगाला जे शिकावं लागतं, ते त्या झोळीत कधीचं होतं.

हॅमॉकवाल्यांचा उपाय म्हणजे अंडरक्विल्ट, बाहेरून टांगलेली गोधडी. आपलं वजन तिच्यावर पडत नाही, म्हणून ती फुगलेली राहते. ती जुळवणं मात्र हाताचं काम आहे. सैल राहिली तर मधल्या फटीतून वारा शिरतो, ताणली तर पुन्हा चपटी होते. आत आडवं होऊन, कुणाला तरी खालून हात फिरवायला सांगून ती लावावी. ती नसेल तर कॅरीमॅट, म्हणजे फोमची चटई, चालते, पण रात्री कुशीला वळलं की ती सरकते आणि खांद्यांना कमी पडते. म्हणून मी खांद्यांखाली आणखी एक तुकडा आडवा घालते. आणि घोंगडी. धनगरांच्या मेंढ्यांच्या लोकरीची, राकट, ओझ्याला जड, तरी मी ती नेतेच. दमट हवेत पिसं ओली होऊन गळाठतात. लोकर पुष्कळ ओल पिऊनही उबदार राहते. तिची चौघडी पाठीखाली असली की मला पहाटेचं भय वाटत नाही.

बाकी सगळं सोपं आहे. निजायच्या आधी भरपेट जेवावं, थोडे शेंगदाणे-गूळ खावेत. दिवसभराचे घामेजलेले कपडे काढून कोरडे घालावेत, कानटोपी ओढावी. घट्ट झाकणाच्या बाटलीत गरम पाणी भरून ती मोज्यात घालून मांड्यांमध्ये धरावी. तोंड मात्र पांघरुणात घेऊ नये, श्वासाची वाफ आतून सगळं ओलावते.

मग जाग आली तरी ती त्रासाची नसते. संध्याकाळी पूर्वेला असलेला मृग पश्चिमेला कललेला असतो, खाली दरीत धुकं भरलेलं असतं, कुठंतरी कोंबडा अवेळी आरवतो. सगळ्यात कडक थंडी अजून यायचीच असते, ती सूर्योदयाच्या आसपास. पाठ उबदार असेल तर तीही पाहत पडून राहता येतं.

या हिवाळ्यात तिकडे जाणार असाल तर एवढं करा. झाड ज्याच्या शेतात आहे त्याला विचारून पट्टा बांधा. हा मुलूख कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा आहे, वाळल्या पानांत शेकोटी पेटवू नका. आणि पांघरुणावर पैसे घालण्याआधी पाठीखाली काय घालणार आहात, ते ठरवा.