मला न आवडणारा ऑलिव्हर कान

ऑलिव्हर कान मला आवडत नसे. बायर्न म्युनिकचा आणि जर्मनीचा हा गोलरक्षक थोर आहे, याबद्दल शंका नव्हती. पण त्याच्याविषयी जिव्हाळा वाटत नव्हता. १९९९ मध्ये डॉर्टमुंडविरुद्धच्या एकाच सामन्यात तो प्रतिस्पर्धी शापुइसाच्या अंगावर लाथ उगारून झेपावला आणि त्याचा सहकारी हेरलिशच्या मानेचा चावा घ्यायच्या आवेशात पुढे सरसावला. परक्या मैदानांवर प्रेक्षक त्याच्यावर केळी फेकत. २००० मध्ये फ्रायबुर्गला तर कुणीतरी भिरकावलेला गोल्फचा चेंडू लागून त्याच्या डोक्यातून रक्त आलं. ते निंद्यच होतं. तरीही हा माणूस लोकांचा राग ओढवून घेतो, असं माझं ठाम मत होतं.

२००१ मध्ये मिलानला चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात त्याने व्हॅलेन्सियाच्या तीन पेनल्टी अडवल्या आणि मग त्यांच्या रडणाऱ्या गोलरक्षकाला, कान्यिझारेसला, जाऊन सावरलं. तेही मी फारसं मनावर घेतलं नाही. जिंकलेल्याला औदार्य परवडतं, एवढंच म्हणालो.

२००२ च्या विश्वचषकात अंतिम फेरीपर्यंत त्याने एकच गोल होऊ दिला. मग योकोहामातल्या अंतिम सामन्यात ब्राझीलच्या रिवाल्दोचा फटका त्याच्या हातून निसटला आणि रोनाल्दोने डाव साधला. त्याच्या बोटाला दुखापत झाली होती, पण तिची सबब त्याने पुढे केली नाही. स्पर्धेतला सर्वोत्कृष्ट खेळाडू तोच ठरला. विश्वचषकात हा मान मिळालेला दुसरा गोलरक्षक अजून झालेला नाही.

माझं मत खरं फिरलं ते २००६ मध्ये. विश्वचषक मायदेशात होता आणि एप्रिलमध्ये प्रशिक्षक क्लिन्समन यांनी येन्स लेमनला पहिला गोलरक्षक नेमलं. कान आणि लेमन यांचं वैर जगजाहीर होतं. छत्तिशीत आलेल्या, एवढं सगळं मिळवलेल्या माणसाने त्याच क्षणी निवृत्ती जाहीर केली असती, तर कुणी नावं ठेवली नसती. मी तरी तीच अपेक्षा धरून होतो. कान संघात राहिला, राखीव म्हणून.

३० जूनला बर्लिनमध्ये अर्जेंटिनाविरुद्धची उपांत्यपूर्व लढत १-१ अशी बरोबरीत सुटली. पेनल्टी सुरू होण्याआधी कान लेमनजवळ गेला, त्याचा हात हातात घेतला आणि दोन शब्द बोलला. कॅमेऱ्यांसाठी केलेला देखावा, असं कुणी म्हणेल. मला ते पटत नाही. लेमन जिंकला की आपली जागा कायमची गेली, हे कानला ठाऊक होतं, आणि तरी तो उठून गेला. लेमनने दोन पेनल्टी अडवल्या, जर्मनी जिंकली.

उपांत्य फेरीत जर्मनी हरली. मग तिसऱ्या क्रमांकाच्या लढतीत, श्टुटगार्टला, कान कर्णधार म्हणून उतरला. पोर्तुगालवर ३-१ असा विजय मिळाला आणि त्याने राष्ट्रीय संघाचा निरोप घेतला. ज्या देशात त्याच्यावर केळी फेकली गेली, तिथलंच मैदान त्याच्या नावाचा गजर करत होतं. सात बुंडेसलिगा विजेतेपदांनी जे मिळालं नव्हतं, ते त्या राखीव खेळाडूंच्या बाकाने मिळवून दिलं, असं मला मनापासून वाटतं. पुढे मे २००८ मध्ये कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर मोहन बागानविरुद्ध तो बायर्नकडून खेळला, तेव्हा आपल्याकडचे लोकही त्याच्यासाठी लोटले.

बर्लिनच्या त्या सामन्याचं चित्रण कधी बघायला मिळालं, तर थेट पेनल्टीवर जाऊ नका. त्याआधीची दोन-तीन मिनिटं जरूर बघा.