पस्तीस पोत्यांचा हिशेब

दोस्तांनो, अकरावी-बारावीच्या रसायनशास्त्रात एक धडा असा असतो, की तो सुरू झाला की निम्मा वर्ग खिडकीबाहेर बघायला लागतो. स्टॉइकिओमेट्री! १७९२ साली रिश्टर नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने हा शब्द तयार केला. ग्रीक भाषेतल्या 'मूलद्रव्य' आणि 'माप' या दोन शब्दांची ही जोडी. थोडक्यात, कोण किती लागणार आणि त्यातून काय किती निघणार, याचा हिशेब. तुम्ही म्हणाल, "परीक्षा झाल्यावर हा कशाच्या कामी येतो?" आमच्या दर्यापुरात तो वावरात कामी येतो. कसा, ते सांगतो.

दर्यापूर अमरावती जिल्ह्यात, पूर्णा नदीच्या खोऱ्यात आहे. अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांत पसरलेल्या या भागाला खारपाणपट्टा म्हणतात. विहीर खणा नाहीतर बोअर मारा, पाणी खारं! माती काळीभोर, दिसायला झकास. पण बऱ्याच वावरांत तिच्या बारीक कणांना सोडियम चिकटून बसलेला असतो. पाऊस पडला की असे कण फुगतात, सुटे होतात आणि मातीतली बारीक छिद्रं बुजवतात. मग पाणी मुरत नाही, वरच साचतं आणि पिकाची मुळं गुदमरतात.

यावर एक उपाय म्हणजे जिप्सम, अर्थात पाण्याचे दोन रेणू सोबत बाळगणारं कॅल्शियम सल्फेट. जमिनीत घडतं ते असं:

२ सोडियम-माती + कॅल्शियम सल्फेट → कॅल्शियम-माती + सोडियम सल्फेट

मी बारावीत असताना आमचे मोठेबाबा माती तपासणीचा कागद घेऊन माझ्यापुढे बसले. "कोणी म्हणते पाच पोते टाक, कोणी म्हणते टरालीभर टाक. तुह्या पुस्तकात काय लिवलं हाय, ते सांग मले."

पुस्तकात पोती नव्हती, मोल होते. पण दोघांच्या मध्ये पूल बांधता येतो. बघा हं. एक एकर जमिनीतली वरची १५ सेंटिमीटर माती अंदाजे ८ लाख किलो भरते. कागदावरचा आकडा मोलमध्ये आणला, तर किलोभर मातीतून ०.०२ मोल सोडियम काढायचा होता. म्हणजे एकरात १६,००० मोल. कॅल्शियमवर दोन धनभार, सोडियमवर एक. म्हणून एक कॅल्शियम दोन सोडियमना उठवतो. जिप्सम लागणार ८,००० मोल. एका मोलचं वजन १७२ ग्रॅम, म्हणून १,३७६ किलो. बाजारातला माल ८० टक्के शुद्ध धरला, तर १,७२० किलो. पन्नास किलोची पस्तीस पोती!

"मंग चाळीस टाकू, जास्तीचं बरं," मोठेबाबा म्हणाले.

मी विचारलं, "मोठेबाबा, घरी पाच तिफणी अन् सहा बैल असले, तर किती तिफणी चालतील?"

"तीनच. बाकीच्या दोन उभ्या राह्यतीन."

झालं! लिमिटिंग रिएजंट म्हणतात तो हाच. बैल संपले की तिफण उभी, तसा सोडियम संपला की वरचं जिप्सम नुसतं पडून. आणि त्याचे पैसे तर गेलेच.

पण खरी गंमत पुढे आहे. मोठेबाबा बराच वेळ समीकरणाकडे बघत राहिले. मग बाणाच्या उजवीकडे बोट ठेवून म्हणाले, "अन् हे निंगालेलं मीठ जाते कुठं? वावरातच बसते काय?"

आम्ही परीक्षार्थी डावी बाजू मोजतो आणि उत्तराखाली रेघ मारतो. त्यांनी उजवी बाजू विचारली. लगेच हिशेब केला. सोडियम सल्फेटही ८,००० मोल निघणार. १४२ ग्रॅमने गुणलं, तर १,१३६ किलो. एका एकरात टनाहून जास्त मीठ! ते पाण्यासोबत खाली किंवा बाहेर गेलं नाही, तर सगळा खर्च मातीत. शिवाय जिप्सम साध्या पाण्यात लिटरमागे जेमतेम अडीच ग्रॅम विरघळतं. म्हणजे एकराला अंदाजे साडेपाच लाख लिटर पाणी हवं. हे झालं साधारण १४ सेंटिमीटर पावसाचं पाणी. विहिरीचं खारं पाणी इथे उपयोगाचं नाही. त्यातून पुन्हा सोडियमच येईल.

म्हणून आधी उताराच्या बाजूने चर खोदले आणि मगच पस्तीस पोती आणली, तीही पावसाळ्याच्या तोंडावर. जादू वगैरे काही झाली नाही. विहीर खारीच राहिली. पण पुढच्या पावसाळ्यात त्या एकरात पाणी पूर्वीसारखं दिवसेंदिवस साचलं नाही आणि हरभरा उभा राहिला. आमच्याकडे ही लहान गोष्ट नाही.

तेव्हा मित्रांनो, समीकरण संतुलित करताना बाणाच्या दोन्हीकडे खरीखुरी वजनं आहेत, हे ध्यानात ठेवा.

आता एक हिशेब तुमच्यासाठी. चुनखडी असलेल्या जमिनीत गंधक टाकलं, तर जिवाणू त्याचं सल्फ्युरिक आम्ल करतात आणि ते चुनखडीला भेटून जागीच जिप्सम तयार होतं. गंधकाचा एक अणू, जिप्समचा एक रेणू. गंधकाच्या एका मोलचं वजन ३२ ग्रॅम. मग १,३७६ किलो शुद्ध जिप्समऐवजी गंधक किती किलो लागेल? घ्या वही!