पंखांचे ऋण

अश्वाला पक्षिराजाचे पंख असावेत, ही मनुष्याची अभिलाषा फार पुरातन आहे. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलात यज्ञीय अश्वाचे स्तवन करताना दीर्घतमा ऋषीने त्याला श्येनाचे पंख आणि हरिणाचे बाहू बहाल केले. आणि दूर इटलीत, १५१६ साली प्रसिद्ध झालेल्या 'ओर्लांदो फुरिओसो' या महाकाव्यात, लुदोविको आरिओस्तो या कवीने त्याच अभिलाषेला हिप्पोग्रिफाचा देह दिला. मस्तक, पंख आणि पुढचे पाय पित्याचे, म्हणजे गरुडमुखी ग्रिफिनाचे. उरलेले सर्वांग मातेचे, म्हणजे घोडीचे. ग्रिफिन आणि घोडी यांचे मीलन रोमन कवी व्हर्जिलाने, आरिओस्तोच्या दीड हजार वर्षे आधी, असंभाव्यतेचा दाखला म्हणून योजले होते. त्या असंभाव्यावरच आरिओस्तोने खोगीर चढविले.

आपल्या पुराणांनी अश्व आणि गरुड यांना एका कथेत गुंफले. समुद्रमंथनातून निघालेल्या उच्चैःश्रव्याच्या पुच्छाचा वर्ण कोणता, यावर कद्रू आणि विनता या सवतींनी पैज लावली. कद्रूच्या सर्पपुत्रांनी त्या शुभ्र पुच्छाला काळ्या केसांसारखे विळखे घातले, विनता दासी झाली, आणि मातेच्या दास्यमुक्तीसाठी गरुडाला स्वर्गातून अमृत आणावे लागले.

परंतु मला याहून हृद्य वाटते ती अश्ववैद्यकाच्या परंपरेतील शालिहोत्राची कथा. पूर्वी घोडे सपक्ष होते आणि गगनात स्वच्छंद संचार करीत. इंद्राला ते वाहन म्हणून हवेसे झाले, आणि त्याच्या आज्ञेने शालिहोत्राने त्यांचे पंख छाटले. अश्वांच्या रोगांचे आणि उपचारांचे शास्त्र ज्याच्या नावाने चालत आले, तो ऋषीही हाच. ज्या हाताने घाव घातला, त्याच हाताने औषध दिले.

मार्गशीर्षात, दत्तजयंतीच्या यात्रेला, दोंडाईच्याच्या पुढे तापीकाठी सारंगखेड्याला भरणाऱ्या घोड्यांच्या बाजारात हिंडताना ही कथा मला हटकून आठवते. १९९८ साली धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन हे गाव नंदुरबारच्या दफ्तरात गेले, तरी धुळे-जळगावच्या माणसाला ते आपल्याच मुलखातले वाटते. एकमुखी दत्ताचे दर्शन घेऊन माणसे नुकरा, अबलख, पंचकल्याणी अशा जनावरांभोवती जमतात. दात पाहून वय ठरते, मानेवरचा देवमण शोधला जातो, रेवाल चाल पारखली जाते. स्वतःच्या घोड्यानिशी चाकरीस येणारा शिलेदार असो की सरकारी घोड्यावर बसणारा बारगीर असो, दोघांचीही इभ्रत एके काळी अशाच पारखीवर अवलंबून होती.

आरिओस्तोच्या काव्यात आस्तोल्फो हा वीर कार्यभाग उरकल्यावर हिप्पोग्रिफाला मुक्त करतो, आणि पंख शाबूत असलेला तो प्राणी आपल्या वाटेने निघून जातो. आपल्या कथेतल्या घोड्याला तशी वाट उरली नाही. तो माणसाच्या दावणीला राहिला, त्याच्या लढाया लढला, त्याच्या वराती मिरवू लागला. म्हणून बाजारात मोल चुकते केल्याने व्यवहार पुरा होतो, असे मला कधीच वाटले नाही. ज्याचे आकाश आपण घेतले, त्याच्या दाणापाण्याची, खुरांची, खोगिराने सोललेल्या पाठीची आणि विशेषतः म्हातारपणाची तजवीज आपल्याकडे आली. घोडा पाळणे म्हणजे शालिहोत्राने पत्करलेले ते ऋण आपल्या नावावर करून घेणे होय.