चार ठोके अधिक

आपल्या ताब्यात आलेल्या वस्तूकडून नेमून दिलेल्या कामापेक्षा थोडे अधिक काम काढून घ्यावे, ही हौस मध्यमवर्गीय माणसाच्या रक्तातच असावी. टूथपेस्टची नळी लाटण्याने लाटून तिच्यातून आणखी चार दिवस काढणारी, तिघांच्या रिक्षात चौथ्याला मांडीवर घेणारी आणि तीन माणसांच्या कुकरात पाहुण्यांसकट सहाजणांचा भात बसवणारी मंडळी ती आपणच. तेव्हा संगणकातील एका कार्डाचे ठोके वाढवून त्याच्याकडून फुकटात जादा काम करून घेता येते, असे जेव्हा माझ्या कानांवर आले, तेव्हा मला त्यात परके असे काही वाटलेच नाही.

ज्यांच्या घरात संगणकाच्या नादी लागलेले अपत्य नाही अशा सुखी वाचकांसाठी येथे दोन शब्द सांगितले पाहिजेत. ग्राफिक्स कार्ड म्हणजे पडद्यावरचे चित्र रंगवणारा संगणकातला चितारी. त्याच्या पोटात एक घड्याळ असते. ते आपल्या भिंतीवरच्या घड्याळासारखे सेकंदाला एक ठोका देत नाही. शंभर कोटींहूनही अधिक ठोके देते, आणि प्रत्येक ठोक्यासरशी काम एक पाऊल पुढे सरकते. हे ठोके किती असावेत ते कारखाना ठरवतो. तो आकडा आपल्या हाताने वाढवणे याला म्हणतात ओव्हरक्लॉकिंग. ठोके किती, विजेचा दाब किती, पंखा केव्हा फिरवायचा, स्मृतीच्या चिपांना दोन कामांच्या मध्ये उसंत किती द्यावयाची, हे सारे कार्डावरच्या नखाएवढ्या एका चिपेत लिहून ठेवलेले असते. त्या लिखाणाला फर्मवेअर किंवा बायॉस म्हणतात. आपण त्याला कार्डाची जन्मपत्रिका म्हणू. साधा हौशी माणूस वरवरच्या प्रोग्रामने ठोके वाढवतो. पण काही महाभाग असे असतात की ते पत्रिकाच खोडून नवी लिहितात!

आणि गंमत अशी, की हा उद्योग निव्वळ वेडेपणाचा आहे असेही म्हणता येत नाही. १९९८ साली इंटेलने सेलेरॉन ३००ए नावाचा स्वस्तातला प्रोसेसर बाजारात आणला. त्याचा वेग ३०० मेगाहर्ट्‌झ. पण त्याच्या बसचा वेग ६६ वरून १०० केला, की त्यांतले पुष्कळसे बिनतक्रार ४५० वर धावत. २००२ साली निघालेल्या रेडिऑन ९५०० या कार्डाच्या काही प्रतींत निम्मे भाग नुसते बंद करून ठेवलेले असत. ते उघडले की थोरल्या ९७०० ची ताकद हाती येई. डिसेंबर २०१० मध्ये रेडिऑन एचडी ६९५० आणि ६९७० ही भावंडे आली. धाकट्यात १४०८ गणक, थोरल्यात १५३६. लोकांनी थोरल्याचे फर्मवेअर धाकट्यात भरले, आणि पुष्कळांच्या घरी धाकटा रातोरात थोरला झाला!

हे घडते ते कारखान्याच्या रीतीमुळे. एकाच तबकडीवर शेकडो चिपा निघतात. पण एकाच झाडाचे आंबे जसे सारखे नसतात, तशा त्याही सारख्या नसतात. एखादीत खरोखरीच खोड असते. तिचा तेवढा भाग बंद करून तिला खालच्या नावाने विकतात. पण खालच्या नावाला गिऱ्हाईक अधिक असले, तर निर्दोष चिपेवरही तेच नाव छापले जाते. म्हणजे आपल्या हाती आलेली चिप खोडीमुळे खाली बसली आहे, की केवळ बाजाराच्या सोयीसाठी, हे वरून पाहून कळत नाही. सारा जुगार तो इथेच. पुढे कंपन्या सावध झाल्या. एनव्हिडियाने २०१६ च्या पास्कल पिढीपासून कार्ड आपल्याच सहीचे फर्मवेअर मानील अशी कडेकोट व्यवस्था केली. शिवाय पत्रिकेत खाडाखोड केली की हमीपत्राचा कागद रद्दीत घालावा लागतो, तो वेगळाच.

आता आमच्या घरातली हकीकत. आमची कन्या ॲनिमेशनच्या शेवटच्या वर्षाला होती. परीक्षेसाठी तिला चार मिनिटांचा चित्रपट करून द्यावयाचा होता. चार मिनिटे म्हणजे काहीच नाही, असे मला वाटले. तिने हिशेब मांडून दाखवला. सेकंदाला चोवीस चित्रे, म्हणजे एकूण ५७६०. एका चित्राला चाळीस सेकंद धरले तरी चौसष्ट तास संगणक अखंड चालला पाहिजे. त्यासाठी बरे कार्ड हवे. नव्याची किंमत ऐकून सौ.नी पंख्याचा वेग वाढवला.

पण २०२२ चा तो काळ जुने कार्ड घेणाऱ्याला अनुकूल होता. त्याआधीची काही वर्षे जगभर लोक असली कार्डे रात्रंदिवस राबवून ईथर नावाचे आभासी नाणे मिळवीत होते. १५ सप्टेंबर २०२२ रोजी त्या नाण्याची पद्धतच बदलली, कार्डांची गरज संपली, आणि राबून राबून थकलेली ही कार्डे घाणीतून सोडवलेल्या बैलांसारखी बाजारात उभी राहिली. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आमच्या कन्येने त्यातलेच एक डोंबिवलीस आणले. विकणाऱ्याने ‘एकदम चालू माल’ असे सांगितले. दुकानाचे नाव मी येथे देत नाही. सणाचे दिवस आहेत.

कार्ड बसवले. पडद्यावर चित्र उमटले, पण ओबडधोबड. यंत्रांच्या यादीत कार्डाच्या नावाशेजारी पिवळा त्रिकोण; ड्रायव्हर काही केल्या कार्डाला ओळख द्यायला तयार होईना. मी म्हटले, “परत देऊन ये.” ती म्हणाली, “बाबा, आधी याला काय होतंय ते तर बघू.”

तिने एक शंभर पानी वही काढली. पहिल्या पानावर तारीख घालून लिहिले, ‘एका वेळी एकच बदल.’ मग क्रमाने सुरुवात केली. विजेची तार बदलून पाहिली. कार्ड काढून दुसऱ्या खाचेत बसवून पाहिले. ड्रायव्हर पुसून नव्याने घातला. फरक शून्य. तेव्हा तिने कार्डातील फर्मवेअरची नक्कल उतरवून घेतली, आणि तिथे चोर सापडला. आधीच्या मालकाने पत्रिका बदलली होती.

बदल मोठा चतुर होता. स्मृतीच्या प्रत्येक वेगासाठी पत्रिकेत उसंतीचे एक कोष्टक असते. वेग वाढला की उसंतीचे ठोकेही वाढवलेले असतात. या गृहस्थाने कमी वेगाची आखूड उसंत उचलून वरच्या वेगालाही लावून टाकली होती. नाणी मिळवण्याचे काम बहुतेक स्मृतीच्याच वेगावर चालते. तिथे अधूनमधून एखादा हिशेब चुकला तरी पुढचा बरोबर येतो, आणि मालकाचे काही बिघडत नाही. चित्र रंगवताना मात्र चुकलेला हिशेब डोळ्यांना दिसतो. शिवाय पत्रिकेवर कंपनीची सही जुळत नसल्यामुळे ड्रायव्हरने त्या कार्डाला दारातच उभे केले होते.

उपाय म्हणजे मूळ फर्मवेअर पुन्हा भरणे. तेही डोळे मिटून करता येत नाही. एकाच नावाच्या कार्डावर स्मृतीच्या चिपा कधी सॅमसंगच्या, कधी हायनिक्सच्या, कधी मायक्रॉनच्या असतात; एकीची पत्रिका दुसरीला मानवतेच असे नाही. तिने चिपांचे घराणे तपासले, जुळणारे फर्मवेअर मिळवले, आणि जाहीर केले, “दोन मिनिटं घरात कुणीही मिक्सर लावायचा नाही.” कारण भरणे चालू असताना वीज गेली तर कार्ड मुके होते, आणि आमचा मिक्सर चकलीची भाजणी पाहिली की मुख्य बटण पाडतो. दिवाळीचे दिवस, सौ. कमरेला पदर खोचून उभ्या. मी मिक्सरच्या बटणावर हात ठेवून पहारा केला. इतका महत्त्वाचा पहारा मला नोकरीतही कधी मिळाला नव्हता.

“आणि वीज गेलीच तर?” मी विचारले. तिने कार्डाच्या कडेवरचा एक इवलासा खटका दाखवला. या कार्डावर फर्मवेअरच्या चिपा दोन होत्या. एक बिघडली तर दुसरीवर संगणक सुरू करावयाचा, चालू असतानाच खटका पहिलीकडे वळवावयाचा आणि तिच्यात नीट लिखाण भरावयाचे. खटका नसलेल्या कार्डांना संगणकाच्या दुसऱ्या चित्रसोयीवर उठवावे लागते. तेही न जमले तर चिपेला चिमटा लावून बाहेरून लिहावे लागते. थोडक्यात, परतीची वाट आधी पाहून ठेवल्याशिवाय तिने पाऊल टाकले नव्हते.

दोन मिनिटे झाली. पिवळा त्रिकोण गेला. सौ.नी भाजणी दळली.

इथे खरे म्हणजे गोष्ट संपावयाची. पण त्याच संध्याकाळी मेहुणे आले. मेहुणे म्हणजे फुकट मिळणारी कोणतीही गोष्ट सोडणे हे पाप मानणारे गृहस्थ. “चौसष्ट तास? दहा टक्के ठोके वाढव की! सहा तास वाचतील.” हिशेब बरोबर होता. कन्येलाही मोह झाला. तिने ठोके थोडे थोडे वाढवत नेले, प्रत्येक पायरीला चाचणी घेतली, वहीत नोंद केली. प्रोसेसर बरा सांभाळून घेत होता. स्मृतीचे ठोके वाढवले तेव्हा एक नवल दिसले. आकडा वर जाई, पण काम उलट मंदावे! तिने कारण सांगितले. त्या जातीच्या स्मृतीला वाटेत झालेली चूक ओळखता येते, आणि चूक दिसली की ती तोच मजकूर पुन्हा पाठवते. म्हणजे पळते जोरात, पण निम्म्या वाटेवरून परत फिरते. आमच्या कचेरीत अशी माणसे मी पाहिली आहेत.

शेवटी सुखरूप वाटलेल्या आकड्यांवर रात्री अकरा वाजता चित्रे लावून मंडळी झोपली. सकाळी सहाला पाहतो तो पडदा काळा. तीन वाजताच कार्डाने मान टाकली होती. चार तासांत निघालेली पावणेचारशे चित्रे तिने एकेक करून पाहिली. त्याला दोन तास गेले. तिसांत हिरवे ठिपके नव्हते, शंभरांत नव्हते. पण पुढे तीन चित्रांत होते, तेही नायिकेच्या गालावर. चाचणी पंधरा मिनिटांची होती आणि काम रात्रभराचे. तिने वहीत लिहिले: ‘मिळणार सहा तास. गेले पाच. उरला एक. भरवसा नाही.’ आणि सादर करावयाला नऊ दिवस उरले होते.

त्यानंतर तिने जे केले ते मला फार आवडले. ठोके कारखान्याच्या मूळ आकड्यावर आणले, आणि विजेचा दाब मात्र हळूहळू कमी करत नेला. चिपेची उष्णता विजेच्या दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे दाब शंभराचा नव्वद केला तर उष्णता शंभराची एक्याऐंशी होते. कारखाना सगळ्यांत हट्टी चिपेला पुरेल इतका दाब सगळ्यांनाच देतो. शहाण्या चिपेला तो थोडा कमी चालतो. तिने सुकलेली पेस्ट पुसून नवी लावली, झिजलेला पंखा बदलला. कार्ड ८४ अंशांवरून ७१ वर आले. आणि चौसष्ट तासांचे काम त्याने चौसष्ट तासांतच, एकदाही न अडखळता केले.

भाऊबीजेला मेहुणे पुन्हा आले. त्यांना ही माघार पसंत पडली नाही. चकली मोडत ते म्हणाले, “ताकद असून वापरायची नाही, हे तुमच्या घराण्यातच आहे. हिलाच इंजिनिअरिंगला घातली असती तर? आमच्या चिरंजीवांना बघा. पहाटे पाचचा क्लास, मग कॉलेज, संध्याकाळी दुसरा क्लास. आणखी दोन तास कुठून निघतात ते बघतोय.”

कन्या शांतपणे म्हणाली, “मामा, कार्ड थकलं की निदान पडद्यावर हिरवे ठिपके येतात. दादाच्या तोंडावर काय येतं, ते कधी पाहिलंत?”

बैठकीत एकदम शांतता पसरली. सौ. चहा आणण्याच्या निमित्ताने आत गेल्या. मी कन्येला दटावायला हवे होते असे कुणी म्हणेल. पण मला ते सुचले नाही, कारण मी त्या वेळी भाच्याकडे पाहत होतो. तो कोपऱ्यातल्या खुर्चीत, हातात करंजी तशीच धरून, बसल्या बसल्या झोपला होता. मेहुण्यांनीही मान वळवून तिकडे पाहिले. बराच वेळ पाहिले. मग त्यांनी उठून त्याच्या हातातली करंजी हळूच काढून ताटलीत ठेवली.

पुढच्या आठवड्यात भाचा चार दिवस आमच्याकडे राहावयास आला. पहाटेच्या क्लासला काय सांगितले, ते मेहुण्यांनी आम्हाला कळवले नाही आणि आम्ही विचारले नाही. पहिल्या दिवशी तो साडेनऊपर्यंत झोपला. दुसऱ्या दिवशी त्याने कन्येच्या शेजारी बसून चित्रपटातली एक चूक दाखवली, जी तिच्याही नजरेतून सुटली होती. चौथ्या दिवशी तो जेवताना मोठ्याने हसला. तो हसला हे सौ.च्या लक्षात आधी आले.

चित्रपट मुदतीत गेला, परीक्षकांना बरा वाटला, कन्येला नोकरी लागली. कार्ड अजून आहे, आणि त्याच आकड्यांवर चालते. ती शंभर पानी वही सौ.नी आपल्या हिशेबाच्या वह्यांत ठेवून दिली आहे. यंदा दिवाळीला आपण डोंबिवलीस आलात तर अवश्य फराळाला या. कार्ड दाखवीन, वहीही दाखवीन. फक्त मेहुणे बसले असतील तर ठोके वाढवण्याचा विषय काढू नका. ते आता त्याच्या विरुद्ध इतके बोलतात, की चहा निवतो.